2000 लिटरची टाकी, कास्कावेलचं छत आणि दोन वर्षांची वही

ऑगस्ट 2023 मध्ये आम्ही घराच्या छतावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय करून घेतली. 2000 लिटरची काळी टाकी, छताच्या दोन निचऱ्यांपासून खाली आणलेले पाइप, पहिलं घाण पाणी वेगळं काढणारं उभं नळकांडं, जाळी, अर्ध्या एचपीची मोटर आणि मजुरी, सगळं मिळून 38,000 मॉरिशियन रुपये झाले. भारतातल्या रुपयांत साधारण 70 हजार. दोन वर्षं रोज वापरल्यावर हे लिहितेय. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. मी तीन ठिकाणी चौकशी केली होती आणि तिन्हीकडे टाकीचं माप एकाच पद्धतीने काढून दिलं. माझी तक्रार त्या पद्धतीबद्दल आहे. वस्तू चांगली आहे, बसवणारा माणूस तर फारच चांगला होता, पण माप चुकलं. ते का चुकलं हे समजायला मला दोन वर्षं आणि एक दोनशे पानी वही लागली.

मी मूळची देवरुखकडची. लग्न होऊन मॉरिशसला आले त्याला आता 14 वर्षं झाली. सासर कास्कावेलचं, म्हणजे बेटाच्या पश्चिमेला, जिथे मराठी घरं पुष्कळ आहेत. सासूबाईंचे पणजोबा कोकणातूनच आले होते, उसाच्या मळ्यात कामाला. त्यामुळे आमच्या घरात मराठी आहे, क्रेओल ही इथली बोली आहे, गणपती आहे, आणि पाण्याची काळजीही आहे. नळ गेला की शेजारपाजारचे सगळे ओरडतात, "दिलो कुपे!" म्हणजे पाणी गेलं. इथे आल्यावर मी जे शब्द सगळ्यात आधी शिकले त्यांत हे दोन होते.

लोकांना वाटतं, बेट म्हणजे चहूकडे पाणी, त्यात हिरवेगार डोंगर, तिथे कसला दुष्काळ! माझ्या माहेरीही लोक हेच म्हणायचे. आमच्या वाडीत जून ते सप्टेंबर छत्री मिटायची नाही, आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाला कळशी घासायची. पऱ्या म्हणजे ओढा, तो कोरडा, आणि टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. पाऊस किती पडतो आणि पाणी किती राहतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला लहानपणीच कळायला हवं होतं. तरी टाकी घेताना मी तीच चूक केली.

आधी आमच्या जागेबद्दल सांगते, नाहीतर मापाचं गणित कळणार नाही. मॉरिशसच्या मधोमध उंच पठार आहे, आणि त्याच्या कडेने ल पूस, पिएतर बोथसारखे डोंगर. सगळ्यात उंच शिखर 828 मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्मंच. पण समुद्रातून वर आलेल्या एवढ्याशा बेटाला तेवढी उंची पुरते. वारा जवळजवळ वर्षभर आग्नेयेकडून येतो, समुद्रावरची वाफ घेऊन. पठाराशी तो वर चढतो, थंड होतो आणि तिथेच रिता होतो. पठारावर वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत पाऊस. पश्चिमेला आमच्याकडे तोच वारा उतरतो तो कोरडा, म्हणून आम्हाला 900 च्या आसपास. महाबळेश्वरला धो धो आणि खाली माण-खटावला ठणठणाट, हे ज्याने पाहिलंय त्याला नकाशा काढून दाखवायची गरज नाही. फरक एवढाच की आपल्याकडे त्या दोन ठिकाणांमध्ये शंभरेक किलोमीटर आहेत. इथे मी दुपारी पठारावरच्या क्युरपीपला स्वेटर आणि छत्री घेऊन बाजार करते आणि अर्ध्या तासात घरी येऊन तुळशीला पाणी घालते, कारण कुंडीतली माती भेगाळलेली असते.

दुकानात मात्र बोलणं सुरू झालं ते संबंध बेटाच्या सरासरीवरून. "मादाम, आपल्या देशात वर्षाला 2000 मिलिमीटर पाऊस पडतो!" आकडा खरा आहे. 1971 ते 2000 या काळातली वेधशाळेची सरासरी 2010 मिलिमीटर आहे. पण ती माझ्या छताची नव्हे. मी कास्कावेल म्हटल्यावर दुकानदाराने आपल्या पत्रकातला पश्चिम किनाऱ्याचा रकाना काढला, तिथे 900 होते. मग गणित असं: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं वापरात येणारं छत 70 चौरस मीटर. उडून, सांडून, झिरपून जाणारं वजा केलं तर एका मिलिमीटरला साधारण 56 लिटर हाती लागतात. 900 मिलिमीटरचे झाले 50,400 लिटर. भागिले 365, म्हणजे दिवसाला 138 लिटर. आमचा संडास, फरशी, धुणं आणि थोडी बाग यांचा रोजचा खर्च 130 लिटर. "म्हणजे तुमचं वर्षभराचं भागलं, मादाम. 2000 लिटरची टाकी खूप झाली, वर पंधरा दिवसांची शिल्लक!"

मला हे पटलं. कागदावर सगळं नीट जुळत होतं. मी पैसे दिले.

बसवायला दोन दिवस लागले. आलेला माणूस साठीच्या घरातला, हात अतिशय स्वच्छ. छताला त्याने आधी बादलीभर पाणी ओतून उतार तपासला. इथली घरं वादळांमुळे सपाट काँक्रीटच्या छताची असतात, आणि सपाट म्हटलं तरी त्यात पाणी साचायचे खळगे असतात. दोन खळगे त्याने स्वतःहून सिमेंटने भरून दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. टाकीखाली नुसत्या विटा न रचता ओटा घातला. भरलेली टाकी दोन टनांची होते, विटा खचल्या तर ती कलंडणार. टाकी त्याने घराच्या दक्षिणेच्या सावलीत ठेवायला लावली. सूर्य इथे वर्षातला बराच काळ उत्तरेकडून जातो, हे कोकणातून आलेल्या माणसाच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी दाखवलेली जागा उत्तरेची होती. तिथे ठेवली असती तर काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चांगलंच तापलं असतं. या कामाला माझ्याकडून पाचपैकी पाच.

जाळीबद्दलही सांगायलाच हवं. टाकीचं तोंड आणि वरून पाणी बाहेर पडायची नळी, दोन्हीला त्याने बारीक स्टीलची जाळी लावली. मी म्हटलं, इतकं कशाला? सासूबाई मागून म्हणाल्या, "लावू दे, माझे गुडघे विचार." 2006 सालच्या चिकनगुनियात त्या तीन महिने जिना चढू शकल्या नव्हत्या. घरात पाणी साठवून ठेवायचं आणि डासांना दार उघडं ठेवायचं, हे त्या कधीच होऊ देणार नाहीत. टाकी घेणाऱ्या प्रत्येकाने आधी जाळी बघावी, बाकीचं सगळं नंतर.

ज्या आठवड्यात आमची टाकी आली त्याच आठवड्यात टीव्हीवर हवाई बेटांतलं लाहायना जळताना दिसत होतं. 8 ऑगस्ट 2023. मी स्वयंपाक सोडून बघत बसले, कारण ते गाव आमच्यासारखंच होतं. डोंगराळ बेट, वाऱ्याच्या आडची कोरडी पश्चिम बाजू, वर डोंगरमाथ्यावर धुवांधार पाऊस आणि खाली वाळलेलं गवत. तिथे पूर्वी ऊस आणि अननसाचे मळे होते. ते बंद पडले आणि त्या जागी परदेशी गवत माजलं. दुष्काळाने ते वाळलं, वर जोराचा वारा आला, आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे. त्या रात्री मी छतावर जाऊन कितीतरी वेळ अंधारात उसाची सळसळ ऐकत होते.

पहिला उन्हाळा चांगला गेला. (इथला उन्हाळा म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, तोच पावसाळाही.) 15 जानेवारी 2024 ला बेलाल वादळ आलं. राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या ते दृश्य भारतातही लोकांनी पाहिलं असेल. आमच्या टाकीचं झालं असं की ती पहिल्या तासात भरली, आणि मग दिवसभर वरच्या नळीतून पाणी नुसतं वाहत राहिलं. आदल्या दिवशी मी पावसाचं मोजपात्र उचलून आत आणलं होतं, म्हणून मिलिमीटरचा आकडा माझ्याकडे नाही. पण नळीच्या तोंडाखालची माती हातभर खोल खणली गेली होती, एवढं वाहिलं. खिडकीतून ते पाणी उसात जाताना बघत होते आणि मनात त्याच पत्रकातलं गणित चाललं होतं. हे वाहून जाणारं पाणीही त्या 50,400 लिटरमध्ये मोजलेलं होतं ना? ते तर चाललं.

तेव्हापासून वही सुरू केली. एक साधं काचेचं मोजपात्र, सकाळी सात वाजता वाचायचं, टाकीची पातळी बाहेरच्या पारदर्शक नळीवर बघायची आणि लिहायचं. 5 मिलिमीटरच्या आतला पाऊस मी वेगळ्या रंगाने लिहिते. इतका पाऊस तापलेलं छत पिऊन टाकतं, आणि जे काही खाली येतं ते पहिल्या पाण्याच्या नळकांड्यातच अडकतं. टाकीत थेंब जात नाही.

वहीने जे दाखवलं ते असं. आमच्याकडे पाऊस एकदम येतो, आणि मग येतच नाही. 36 मिलिमीटर पडला की 2000 लिटरची टाकी काठोकाठ भरते. जानेवारी ते मार्च यात तेवढा पाऊस एका दुपारीही पडतो. त्यानंतरचं सगळं उसात जातं. आणि कोरडे दिवस सुरू झाले की रोज 130 लिटरने टाकी पंधराव्या दिवशी तळ दाखवते. 18 सप्टेंबर ते 3 नोव्हेंबर 2024 या 47 दिवसांत माझ्या मोजपात्रात एकदाही 5 मिलिमीटरच्या वर पाणी नव्हतं. टाकी 3 ऑक्टोबरला रिकामी झाली. पुढचा महिना ती नुसती उभी होती. बाहेरून टकटक केलं की ढोलासारखी वाजायची.

सरासरी 138 लिटर आणि हातात शून्य.

यात नशिबाचा भाग किती आणि हवा बदलल्याचा किती, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. माझी वही दोन वर्षांची, तेवढ्यावर बोलणं बरोबर नाही. पण मॉरिशसच्या वेधशाळेकडे शंभर वर्षांची वही आहे. 1905 ते 2007 या नोंदींत बेटावरचा पाऊस दर दशकाला सरासरी 57 मिलिमीटरने घटलेला दिसतो. पावसाचे दिवस कमी होताहेत, सलग कोरडे दिवस वाढताहेत, आणि पडतो तेव्हा मुसळधार पडण्याचे प्रसंग वाढताहेत. हिवाळा संपून पावसाळा लागायच्या मधला जो कोरडा काळ असतो तोही लांबतो आहे, म्हणजे उन्हाळी पाऊस उशिरा येतो. त्यातच तापमान वाढलेलं, म्हणजे माती, ऊस आणि तळी यांतून पाणी उडतंही जास्त. तापलेली हवा अधिक वाफ धरून ठेवते, म्हणून पडतो तेव्हा एकदम भडाभडा पडतो. 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईमध्ये दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटर कोसळला आणि 11 माणसं गेली. नवरा त्या दिवशी तिथे कामाला होता, संध्याकाळी चिखलाने कमरेपर्यंत माखून घरी आला. त्याच वर्षाच्या अखेरीस आम्ही पुन्हा बादल्या भरून ठेवत होतो.

डोंगराळ बेटावर हे सगळं अधिक जाचतं, कारण पाणी थांबायला जागाच नाही. नद्या लहानशा. पठारावर पडलेला पाऊस काही तासांत समुद्रात. लाव्हाच्या खडकात थोडं मुरतं, आणि घराघरांत येणाऱ्या पाण्यातलं साधारण निम्मं त्या जमिनीखालच्या साठ्यातूनच उपसलेलं असतं. बाकीचं तळ्यांतून. सगळ्यात मोठं तळं मार ओ व्हाक्वा. त्यात मावतं जवळपास 26 दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या शंभराव्या हिश्श्याइतकंही नाही, आणि वर साडेबारा लाख माणसं. शेजारच्या खोऱ्यातून पाणी आणावं म्हटलं तर शेजारी समुद्र. मराठवाड्यात लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. इथे रेल्वे कुठून आणणार?

सासूबाई हे सगळं एका वाक्यात सांगतात. "सिक्लोन नाय आला तर तळं भरायचं कसं गो?" मला पहिल्यांदा हे ऐकून धक्का बसला होता. वादळाची वाट बघतात? पण खरंच आहे ते. इथली तळी भरणारा मोठा पाऊस वादळांच्या आणि त्यांच्या आसपासच्या ढगांचा असतो. एखाद्या वर्षी ती सगळी दूरून निघून गेली तर घरं वाचतात आणि नळ आटतात. 2025 च्या जानेवारीत असंच झालं, पावसाचे दिवस असून आकाश स्वच्छ निळं. गाड्या धुवायला आणि बागेला नळी लावायला बंदी आली. पहाटे चारला उठून मी नळाखाली भांडी लावत होते. माझी पंप-बिंप असलेली टाकी ओट्यावर रिकामी.

आता यंत्रणेबद्दल उरलेलं. पहिल्या पाण्याचं नळकांडं हा या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी भाग आहे आणि त्याबद्दल पत्रकात दोन ओळीच होत्या. पाऊस सुरू झाला की छताची पहिली धुवण त्या उभ्या नळकांड्यात भरते, ते भरलं की आतला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि मग पुढचं पाणी टाकीत जातं. आमचं नळकांडं 40 लिटरचं. 47 दिवसांनंतर नोव्हेंबरच्या चौथ्या दिवशी जेव्हा पाऊस आला तेव्हा मी ते खालून उघडलं. जे आलं त्याला पाणी म्हणवत नव्हतं. काळं, दाट, आणि त्यात केसांसारख्या बारीक काळ्या काड्या. जून ते डिसेंबर इथे ऊस तोडतात, आणि कुठे ना कुठे पाला जाळतात. जळलेल्या पाल्याच्या त्या काड्या वाऱ्यावर येऊन छतावर बसतात, वाळत घातलेल्या चादरींवर बसतात, पांढऱ्या मांजरावरसुद्धा बसतात. बोटात धरलं की विरघळून बोट काळं. त्यात पक्ष्यांची घाण आणि शेजारच्या आंब्याचा मोहर. चाळीस लिटर गेले तरी शेवटपर्यंत पाणी करडंच होतं. म्हणजे कोरडे दिवस जितके जास्त, तितकं छत घाण, आणि तितकंच जास्त पाणी फेकून द्यावं लागतं. 40 चं नळकांडं मी आता 80 चं करून घेतेय. बसवतानाच मोठं मागा, त्यात फार पैसे नाहीत.

नळकांड्याच्या तळाला थेंब थेंब गळत राहायला एक बारीक भोक असतं, म्हणजे पाऊस थांबल्यावर ते आपोआप रिकामं व्हावं. ते राखेने दर पंधरा दिवसांनी बुजतं. टाचणी जवळ ठेवावी. मोटर दोन वर्षांत एकदाच बिघडली, रिकाम्या टाकीवर चालू राहिल्यामुळे. पाणी संपलं की मोटर बंद करणारा तरंगता खटका वेगळ्या पैशांचा असतो आणि मी तो वाचवला होता. वाचवू नये.

पाणी पिण्याला मी वापरत नाही. उकळूनसुद्धा नाही. धुणं, फरशी, संडास आणि माझा दूर्वांचा वाफा, एवढंच. इथे गणपती येतात ते ऐन कोरड्या दिवसांत, कोकणातल्यासारखे भिजत येत नाहीत. देवरुखला भाद्रपदात दूर्वा शोधायला लागायच्या नाहीत, पायाखालीच असायच्या. इथे त्या जगवाव्या लागतात. यंदा 27 ऑगस्टला एकवीस जुड्या माझ्या वाफ्यातल्याच निघाल्या, टाकीच्या पाण्यावर वाढलेल्या. आसपासच्या चार घरांनी नेल्या. विसर्जनाला नदीवर गेलो तर पाणी घोट्याइतकं. मुलांनी मूर्ती धरून वाकून बसवली आणि मोठ्या माणसांनी कळश्यांनी वरून पाणी घातलं. नवरा म्हणाला, त्याच्या लहानपणी इथे पोरांना काठावर धरून ठेवायला लागायचं.

माप कसं काढावं हे मला शेवटी रॉड्रिग्जमध्ये कळलं. मॉरिशसच्याच देशाचं ते छोटं डोंगराळ बेट, 108 चौरस किलोमीटरचं. गेल्या वर्षी चार दिवस गेलो होतो, एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी उतरलो. न्हाणीघरापेक्षा पाण्याची टाकी मोठी. काँक्रीटची, घराच्याच भिंतीला भिंत लावून बांधलेली, वर झाकण आणि झाकणावर वाळत घातलेली मिरची. घरच्या बाईंना विचारलं की हिचं माप कुणी ठरवलं, तर त्यांनी पाऊस किती पडतो हे सांगितलंच नाही. म्हणाल्या, पाऊस किती दिवस पडत नाही तेवढी टाकी. त्यांच्या आईच्या वेळची लहान टाकी बाजूला होती, ती पुरेनाशी झाली म्हणून ही नवी बांधली. न्हाताना त्यांच्याकडे दोन तांब्यांचा हिशेब होता आणि पाहुण्यांनाही तोच होता. मला त्याचं काही वाटलं नाही, मे महिन्यात माहेरीही असंच असायचं.

मग घरी येऊन वहीवरून नवं गणित मांडलं. माझे सगळ्यात लांब कोरडे दिवस 47, रोजचे 130 लिटर, म्हणजे 6110. साधारण 6000 लिटरची टाकी हवी, 2000 ची नव्हे. ती भरायला 107 मिलिमीटर लागतात, आणि तेवढा पाऊस आमच्या कोरड्या कास्कावेललाही उन्हाळ्यात पडतोच. पण संपूर्ण हिवाळा काढायचा तर तेवढ्यानेही भागत नाही. मे ते ऑक्टोबरचे 184 दिवस. या काळात मला मिळाले 160 मिलिमीटर, आणि त्यातले निम्मे लहान सरींत वाया गेले. टाकीतले 6000 आणि उरलेल्या पावसाचे साडेचार हजार, म्हणजे साडेदहा हजार लिटर. दिवसाला 60 लिटरच्या आत राहिलं तर जेमतेम पुरतं. म्हणून मेच्या पहिल्या तारखेपासून धुणं नळाच्या पाण्यावर, आणि टाकी फक्त संडासाला आणि दूर्वांना, असं आम्ही ठरवलंय. पाणी आहे तेव्हा ते जपायचं, हे मला टाकी रिकामी झाल्यावर सुचलं, भरलेली असताना नाही.

हे गणित मी दुकानात नेऊन दाखवलं. आधी त्याने आपलं पत्रक पुढे केलं, मग माझी वही घेतली आणि बराच वेळ पानं उलटत बसला. 2024 चा ऑक्टोबर त्याने बोट ठेवून वाचला. "हे कुणी विचारत नाही, मादाम. सगळे वर्षाचा पाऊस विचारतात." मी म्हटलं, मग तुम्ही सांगा. वाईट माणूस नव्हता तो. छापून आलेल्या आकड्यावर त्याचाही विश्वास होता, माझ्यासारखाच. आता त्याने गिऱ्हाइकांना विचारायचा एक प्रश्न पत्रकाच्या मागे पेनने लिहून ठेवलाय, तुमच्याकडे सलग किती दिवस पाऊस नसतो? पुढच्या छपाईत तो आत येईल असं म्हणाला. आला तर मी इथे येऊन लिहीन.

एकूण गुण विचाराल तर वस्तूला पाचपैकी चार, कामाला पाच, आणि माप काढून देण्याला दोन. 38,000 रुपये वाया गेले असं मी अजिबात म्हणणार नाही. पावसाळ्याच्या महिन्यांत आमचा नळाचा खर्च निम्म्याने उतरला. नळ गेलेल्या दिवशी संडासात पाणी असणं म्हणजे काय, हे म्हातारं माणूस घरात असलेल्यांना सांगायला नको. कोकणात घराला लागून टाकी बांधायचा विचार करत असाल, होमस्टे चालवत असाल, तर आपल्या 3000 मिलिमीटरला भुलू नका. पावसाच्या चार महिन्यांत कुठलीही टाकी भरेल. दसऱ्यापासून मृगापर्यंतचे दिवस मोजा, त्यातून अवकाळी सरी वजा करा, आणि मग दुकानात जा. चुलत भावाला मी हेच सांगितलंय, त्याने 5000 ची सांगितली होती ती थांबवून आधी वही घातलीय.

आज ऑक्टोबरची 14 तारीख. मोजपात्र 22 दिवस कोरडं आहे. आणखी दोन टाक्या सांगितल्यात, पहिलीला तळातून जोडायच्या. गुरुवारी तोच स्वच्छ हातांचा माणूस येणार आहे. ओटे कालच घालून झाले, सासूबाई सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारताहेत, भांडी विसळलेलं. टाक्या रिकाम्याच बसतील, डिसेंबरपर्यंत तरी. रिकामी टाकी वादळी वाऱ्यात उडते, म्हणून ओट्यांत चार चार लोखंडी कड्या आधीच पुरून घेतल्या आहेत, दोर बांधायला.